कंपनीची फाइल कोणाच्या कपाटात?

मागे बारामतीला एका परिचितांकडे आम्ही चहाला थांबलो होतो. घरातल्या ताईंनी एक पाकीट पुढे केले. "भाऊ, इंग्रजीत काय आलंय, वाचून सांगा." नोटीस कंपनी निबंधकांची होती. ताईंचा मुलगा आणि त्याचा इंदापूरचा मेहुणा यांनी लहानसे वर्कशॉप काढून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली होती. तिसऱ्या संचालक म्हणून ताईंची सही घेतली होती. काम मिळेना, शटर खाली आले. दोन वर्षे विवरणपत्रे गेलीच नव्हती.

"धंदाच बंद आहे, मग भरायचं काय?" मुलाने विचारले.

वाचक बंधू-भगिनींनो, फसगत होते ती इथेच. शटर ओढल्याने कंपनी बंद होत नाही. नफा नसला तरी ३१ मार्चला वर्ष संपते. हिशेब तपासून ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते. सभेपासून ३० दिवसांत ताळेबंद एओसी-४ फॉर्मात आणि ६० दिवसांत वार्षिक विवरणपत्र एमजीटी-७ मध्ये भरावे लागते. लहान कंपनीला त्याऐवजी ७-ए. आयकराचे विवरणपत्र वेगळे, त्याची मुदत सर्वसाधारणपणे ३१ ऑक्टोबर. शेतकरी उत्पादक कंपन्यांचे नियम थोडे निराळे आहेत, त्यांनी ते विचारून घ्यावेत.

उशीर झाला तर २०१८ पासून या दोन्ही फॉर्मांना प्रत्येकी रोज १०० रुपये जादा शुल्क आहे. दोन्ही फॉर्म वर्षभर राहिले, तर ७३,००० रुपये! सलग तीन वर्षे राहिले, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. २०१७ साली देशात सुमारे तीन लाख संचालक असे अपात्र ठरले. ताईंच्या हाती एकच वर्ष उरले होते.

आम्ही म्हटले, "फाइल आणा." फाइल घरात नव्हतीच, सल्लागाराकडे होती. सल्लागार जरूर नेमावा. पण सही आपली, तर जबाबदारीही आपलीच.

म्हणून घरात एक पेटी ठेवा. नोंदणीचा दाखला, भागधारकांची नोंदवही, सभांचे इतिवृत्त, खरेदी-विक्रीची बिले, बँकेचे उतारे, भरलेल्या फॉर्मांच्या पावत्या वर्षवार लावा. हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपायची असतात. कोऱ्या कागदावर सही करू नका. घरातल्या बाईला संचालक केले असेल, तर प्रत्येक कागद तिला वाचून दाखवा.

ताईंच्या मुलाने आता थकलेली विवरणपत्रे भरायला घेतली आहेत. ती भरून झाली की एसटीके-२ अर्ज करून कंपनी रीतसर बंद होईल. पैसे जातील, पण आईचे नाव वाचेल. पेटीची किल्ली मात्र ताईंनी आपल्याकडे घेतली आहे.