मधमाशीची नांगी आणि रुग्णाची आशा

वैतरणेची खाडी समुद्राला मिळते त्या मुखाशी दातिवरे हे गाव वसले आहे. पलीकडे अर्नाळा, आगगाडी गाठायची तर सफाळ्याला यावे लागते. अशा गावातील एखाद्या तरुणाच्या पायांतील बळ एकाएकी ओसरले, एका डोळ्याला अंधुक दिसू लागले, तर घरची माणसे प्रथम कोणाला विचारतील? जो जवळ असेल त्याला. आणि जवळचा माणूस बहुधा तज्ज्ञ नसतो. 'आमच्या ओळखीच्या एकाला गुण आला' असे सांगणारा असतो. मल्टिपल स्क्लेरोसिसवर मधमाशीचे दंश घ्यावेत, हा सल्ला याच जातीचा आहे.

या विकारात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवरील मायलिन या वेष्टनावर हल्ला चढवते. १८६८ साली शार्को या फ्रेंच वैद्याने त्याचे व्यवस्थित वर्णन केले. पुष्कळ रुग्णांत तो झटक्याझटक्याने येतो. झटका ओसरला की काही काळ बरे वाटते. भ्रमाचे मूळ नेमके येथेच आहे. झटका ऐन भरात असताना रुग्ण दंश घेतो, पुढे रोग आपल्या क्रमानेच उतरणीला लागतो आणि श्रेय मात्र माशीला मिळते. येथे कोणी लबाडी करतोच असे नाही. प्रामाणिक माणूसही असा फसतो.

दंशोपचाराची परंपरा जुनी आहे. मारिबोर येथील डॉ. फिलिप तेर्च यांनी १८८८ मध्ये संधिवात आणि मधमाशीचे दंश यांच्या संबंधावर निबंध प्रसिद्ध केला. माशीच्या विषातील मेलिटिनसारख्या द्रव्यांचा शरीरावर परिणाम होतो, हेही खरे. परंतु परिणाम होणे निराळे आणि रोग हटणे निराळे. नेदरलँड्समधील संशोधकांनी २६ रुग्णांवर याची रीतसर परीक्षा घेतली. आठवड्यातून तीनदा, वाढवत वाढवत एका वेळी २० दंशांपर्यंत, असा हा २४ आठवड्यांचा उपचार होता. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: रोगाची हालचाल मंदावली नाही, पंगुत्व घटले नाही, थकवाही कमी झाला नाही. त्या प्रयोगात गंभीर अपाय झाला नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पण तो प्रयोग वैद्यांच्या देखरेखीखाली होता. स्पेनमध्ये ५५ वर्षांची एक स्त्री निराळ्या तक्रारींसाठी दोन वर्षे असे दंश घेत होती, तेही विनासायास. एके दिवशी एकाच दंशाने तिला तीव्र ॲलर्जीचा झटका आला आणि पुढे ती दगावली. हे वृत्त २०१८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आले. काल सोसले म्हणून आज सोसेलच, असा नियम या विषाला लागू नाही. अशा प्रसंगी ॲड्रिनलिनचे इंजेक्शन काही मिनिटांत मिळावे लागते. खाडीकाठच्या गावात ते मध्यरात्री कोण देणार?

मज्जासंस्थेचे विकार बरे करण्याच्या औषधी जाहिरातींना १९५४ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. तो कायदा राबवला जावा, हे उघड आहे. परंतु केवळ बंदीने प्रश्न सुटत नाही. रुग्ण नांगीकडे वळतो तो अज्ञानामुळेच असे नाही. पुष्कळदा शास्त्राचे दार त्याला दूर आणि महाग असते म्हणून. १९९३ पासून या रोगाचे झटके कमी करणारी औषधे उपलब्ध होत गेली. ती रोग समूळ बरा करत नाहीत, पण पंगुत्व लांबवू शकतात, आणि जितक्या लवकर सुरू होतील तितका लाभ अधिक. दंशांच्या नादात गेलेले वर्ष म्हणूनच परत मिळत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या विकाराचा समावेश आपल्या २१ प्रकारांत केला आहे. मुंबईत १९८५ पासून रुग्णांची स्वतःची संस्थाही आहे. कागदावरचा हा हक्क सफाळ्याच्या पलीकडे पोचायचा, तर पालघर जिल्ह्यात ठरलेल्या दिवशी मज्जाविकारतज्ज्ञाची तपासणी, एमआरआयची सोय आणि औषधांसाठी साहाय्य या तीन गोष्टी हव्यात. २०१४ साली स्वतंत्र जिल्हा झाला तो लोकांना मुख्यालय जवळ यावे म्हणून. मग उपचार दूर का राहावेत?

मधमाशीचे आपल्यावर उपकार आहेतच. ती फुलोरा फळाला आणते, मध देते. जे तिचे काम नव्हे ते तिच्यावर लादू नये. आणि जे शासनाचे काम आहे, ते तिच्यावर सोडू नये.