चार अक्षरांतला मी

कचेरीच्या प्रशिक्षणात व्यक्तिमत्त्व चाचणी झाली आणि मी ‘आयएनएफजे’ निघालो. म्हणजे अंतर्मुख, पण जवळच्यांत खुलणारा; चांगला श्रोता; स्वतःवर जरा जास्तच टीका करणारा. वाचताना मान आपसूक डोलली, आणि त्या डोलण्याचाच मला संशय आहे. १९४८ साली बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन प्रत्येकाला ‘खास त्याचं’ स्वभाववर्णन दिलं. पोरांनी त्याच्या अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण बहाल केले. वर्णन सगळ्यांना एकच होतं, बरंचसं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेलं! आता माणसांचे सोळा प्रकार पाडणारी आमची चाचणी म्हणजे राशीभविष्य नव्हे, कबूल. कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची लेक इझाबेल मायर्स या मायलेकींनी ती मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या विचारांवरून बेतली. मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण मात्र दोघींपैकी एकीचंही नव्हतं. माझी अडचण वेगळीच आहे. चाचणी मधोमध रेघ ओढते, अलीकडचे अंतर्मुख, पलीकडचे बहिर्मुख. आणि माझ्यासारखी बरीच माणसं त्या रेघेवरच घुटमळत असतात. गणपतीच्या आरतीत माझा आवाज सगळ्यांच्या वर, सोसायटीच्या सभेत मात्र मी मागच्या खुर्चीत मुका. यातलं कोणतं उत्तर लिहायचं? शिवाय उत्तरं माझी मीच दिलेली, तेव्हा निकाल माझ्यासारखा दिसणारच. बायकोने अहवाल वाचला, ‘चांगला श्रोता’पाशी थांबली आणि म्हणाली, ‘हे कुणाला विचारून लिहिलंय?’