अनध्यायाचें वेळापत्रक

जुन्या वेदपाठशाळांतून प्रतिपदा, अष्टमी, पौर्णिमा आणि अमावास्या हे दिवस अनध्यायाचे मानीत. त्या दिवशीं नवा पाठ द्यावयाचा नाहीं, असा दंडक असे. शाळामास्तरकींत जन्म घालविलेल्या माझ्यासारख्यास या शब्दाचें फार कौतुक वाटतें. सुटी म्हणजे नुसता कामाचा अभाव नव्हे. पूर्वजांनीं ती विचारपूर्वक आंखून दिलेली होती. अलीकडे मात्र आपण सुटीलाच अभ्यासक्रम लावतों आणि तो पुरा झाला नाहीं म्हणजे हळहळतों. याचा एक घरगुती दाखला आज वाचकांपुढें ठेवावा असें मनांत आहे. विषय गोल्फच्या सहलीचा आहे. या सदराच्या वाचकांस तो परका वाटेल. परंतु ज्यांचीं मुलें-जावई परदेशीं आहेत, त्यांच्या घरीं असला प्रश्न केव्हांहि येऊन बसेल.

आमची मुलगी व जावई लंडनजवळ राहतात. दोघेंहि नोकरी करतात. नातू तीन वर्षांचा आहे. गेल्या खेपेस आश्विन महिन्यांत आम्ही दोघें तिकडे जाण्याच्या तयारींत असतां मुलीचा फोन आला. "अण्णा, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यांत हे मित्रांबरोबर पोर्तुगालला गोल्फ खेळायला जाणार आहेत. आम्हांलाहि नेणार आहेत. तुम्ही आणि आई चला ना बरोबर. म्हणजे मला सोबत होईल."

आमंत्रण गोड होतें, परंतु शेवटचें वाक्य माझ्या मनांत रुतून राहिलें. नवऱ्याबरोबर सहलीस निघालेल्या मुलीला बापाची सोबत कां लागावी? मीं फोनवर कांहीं बोललों नाहीं. "जावईबापूंनीं काय बेत आंखला आहे तेवढा कळवा," एवढेंच म्हणालों. दुसऱ्या दिवशीं बेत आला. शनिवारीं जाणें, पुढच्या शनिवारीं परत. मधल्या सहा दिवसांत सहा मैदानें आणि सहा फेऱ्या.

हा प्रदेश म्हणजे पोर्तुगालचें दक्षिण टोंक, अल्गार्व. अरबी भाषेंत 'अल्-घर्ब' म्हणजे पश्चिम. मूर लोकांनीं दिलेल्या त्या नांवाचा हा अवशेष. सबंध वर्षांत सुमारें ३००० तास ऊन मिळणारा हा किनारा. १९६५ सालीं फारो येथें विमानतळ झाला आणि पुढच्याच वर्षीं, १९६६ मध्यें, पेनिना येथें हेन्री कॉटन या इंग्रज खेळाडूनें आंखलेलें गोल्फचें मैदान सुरू झालें. हा गृहस्थ १९३४, १९३७ आणि १९४८ अशा तीन सालीं 'ओपन' स्पर्धा जिंकलेला. कोंकणांतल्या वाचकांस ऐकून मौज वाटेल, कीं पेनिनाची ती जागा पूर्वीं भाताच्या खाचरांची होती. पाणथळ जमीन कोरडी व्हावी म्हणून त्यानें तेथें हजारों झाडें लावलीं. त्याच्या काठ्यांची पिशवी वाहावयास एक गाढव असे, हीहि गोष्ट तिकडे सांगतात. आज त्या किनाऱ्यावर मैदानांची रांगच लागली आहे.

समुद्रस्नानाची गर्दी तेथें जुलै-ऑगस्टांत आणि गोल्फवाल्यांचा खरा हंगाम वसंतांत व शरदांत. डिसेंबर-जानेवारी हे आडहंगामाचे महिने. म्हणून घरांचें भाडें उतरतें, मैदानांची फीहि उतरते. लंडनला दिवसा हातपाय गारठत असतां येथें दुपारीं सोळा अंशांपर्यंत ऊब असते. बेतांत वावगें कांहींच नव्हतें. परंतु आडहंगामांत पैसा स्वस्त होतो तसा दिवस महाग होतो, ही गोष्ट जावईबापूंच्या कागदांत कोठें दिसेना.

मीं पंचांगी संवयीनें गणित मांडलें. फारो सुमारें ३७ उत्तर अक्षांशावर आहे. जानेवारीच्या अखेरीस तेथें सूर्य उगवतो सकाळीं पावणेआठाच्या आंत आणि मावळतो सायंकाळीं पावणेसहाच्या सुमारास; म्हणजे दिवस दहा तासांचा. आतां गोल्फचा खेळ असा, कीं गवताच्या विस्तीर्ण मैदानांत एकामागून एक अठरा खळगे असतात, त्यांस होल म्हणतात. कमींत कमी टोल्यांत चेंडू त्या प्रत्येकांत घालीत जावयाचें. एका फेरीस चार ते साडेचार तास लागतात. त्यांत आधींची तयारी व नंतरचें आवरणें एक तास, जाणेंयेणें एक तास, मित्रांसमवेत भोजन एक तास, असे साडेसात तास झाले. सहा दिवसांचा उजेड साठ तास. त्यांतले पंचेचाळीस खेळाला. बायको, मूल, सासू-सासरे यांस मिळून उरले पंधरा, तेहि कलत्या उन्हाचे आणि थकल्या माणसाचे.

जावयास उपदेश करणें हें सासऱ्याचें काम नव्हे, हें मी जाणतों. म्हणून मीं पत्रांत शेरा लिहिला नाहीं. नुसतें गणित उतरून पाठविलें आणि खालीं एक पर्यायी वेळापत्रक जोडलें. खेळ रविवारीं, मंगळवारीं व गुरुवारीं. सोमवार व बुधवार घराचे. शुक्रवार मोकळा, कारण त्या प्रांतांतला पाऊस हिवाळ्यांत पडतो. फारोचा वार्षिक पाऊस सुमारें ५०० मिलिमीटर, पुण्याहून कमीच. पण त्यांतला जवळजवळ निम्मा नोव्हेंबर ते जानेवारी या तीन महिन्यांत कोसळतो. राखीव दिवस न ठेवतां हिवाळी खेळाचा बेत करणें म्हणजे परीक्षेच्या दिवशीं एकच टांक घेऊन जाणें होय.

दोन दिवस उत्तर नाहीं. तिसऱ्या दिवशीं जावईबापूंचाच फोन आला. आवाज जरा घट्ट होता. "अण्णा, तुमचें गणित बरोबर आहे. पण सहा फेऱ्या एकत्र घेतल्या तर दर फेरीस पैसे कमी पडतात. आणि खरें सांगूं का, वर्षभर खोलींत बसून काम करतों. मोकळ्या हवेचे हेच सहा दिवस." त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. कष्ट करणाऱ्या माणसाला आपली सुटी मागण्याचा हक्क आहे. मी इतकेंच म्हणालों, "सहा फेऱ्या घेतल्यास दर फेरी स्वस्त पडेल, परंतु एकूण रक्कम तीन फेऱ्यांहून जास्तच भरेल. आणि मोकळी हवा हवी ती काय तुम्हांलाच?" पलीकडे कांहीं वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "मित्रांना सहा खेळूं देत. मी तीन खेळतों."

हा संवाद मीं मोठ्या समाधानानें घरांत सांगितला. सौ. भाजी निवडीत होती. मान वर न करतां म्हणाली, "हें वेळापत्रक तुम्हीं तीस वर्षांपूर्वीं कां नाहीं केलें?"

मला उत्तर सुचलें नाहीं. आमच्या संसारांतल्या साऱ्या मे महिन्यांच्या सुट्या उत्तरपत्रिका तपासण्यांत आणि शिकवण्यांत गेल्या. पैशाची गरज होती हें खरें. परंतु गरज संपल्यावरहि संवय राहिली, हेंहि खरें. कन्याकुमारीस जाऊं, जाऊं, असें मी दरवर्षीं म्हणत असें. जावयाच्या कागदांत जें मला ताबडतोब दिसलें, तें माझ्या स्वतःच्या पंचांगांत कधीं दिसलें नव्हतें.

असो. ज्या कुटुंबांत असा बेत होत असेल त्यांच्या उपयोगाकरितां, आम्हांस ठाऊक झालेल्या चार गोष्टी सांगतों. पहिली परवान्याची. भारतीय पारपत्रावर पोर्तुगालला जावयाचें तर शेंगेन व्हिसा लागतो; इंग्लंडचा व्हिसा तेथें चालत नाहीं. आपण राहतों त्या देशांतूनच अर्ज करावा हें सामान्य सूत्र आहे. "लंडनला पोंचल्यावर पाहूं" असें म्हणूं नये. अर्ज सहा महिने आधीं करतां येतो, निदान पंधरा दिवस आधीं करावाच लागतो. आणि ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बरोबर हवा. इंग्लंडांत परत शिरावयाचें असल्यानें तेथील व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हेंहि पाहून ठेवावें.

दुसरी घराची. तिकडचीं घरें उन्हाळ्यासाठीं बांधलेलीं. फरशी गार, आणि रात्रीं पारा सात-आठ अंशांवर येतो. घर उबदार ठेवण्याची सोय आहे का, हें स्पष्ट विचारावें. केवळ पर्यटकांसाठीं उभारलेल्या वस्त्यांतून जानेवारींत निम्मीं दुकानें बंद असतात. त्यापेक्षां ताविरा, फारो, लागोस अशा नांदत्या गांवीं उतरावें. हीं तीनहि गांवें किनाऱ्यालगतच्या रेल्वेवर आहेत. त्यामुळें न खेळणाऱ्यांस मोटारीवांचून हिंडतां येतें. स्वयंपाकघर असलेलें बिऱ्हाड घ्यावें. शाकाहारी मनुष्याची तेथील खाणावळींत पंचाईत होते. पीठ-मसाला जवळ असला म्हणजे पिठलें-भात कोठेंहि होतो, आणि हिवाळ्यांत संत्रीं तर इतकीं रसाळ मिळतात कीं विचारूं नये.

तिसरी मैदानाची. आडहंगामांत कित्येक ठिकाणीं होलभोंवतालच्या हिरवळीस भोंकें पाडून वाळू भरण्याचें काम काढतात. दर उतरला आहे तो याच कारणानें तर नव्हे ना, हें आधीं विचारावें. पाऊस झाल्यास पैसे परत मिळतात कीं दिवस बदलून देतात, हेंहि लिहून घ्यावें. वेळ सकाळीं नवाच्या सुमारास घ्यावी; दुपारीं एकनंतर आरंभ करणाऱ्यास अठरावा होल अंधारांत शोधावा लागेल. कांहीं मैदानांवर खेळाडूच्या कसबाचा दाखला, ज्यास हँडिकॅप म्हणतात, मागतात. चौथी सामानाची. काठ्यांच्या पिशवीस विमानांत वेगळें भाडें पडतें. दोन-तीनच फेऱ्या असल्यास काठ्या तेथेंच भाड्यानें घ्याव्या.

ठरल्याप्रमाणें आम्ही ताविरास गेलों. १५१० पासून १९६१ पर्यंत गोव्यावर राज्य केलेल्या लोकांचा हा देश. त्यांचे शब्द आपल्या घरांत इतके रुळले आहेत, कीं तिकडे गेल्यावर आपलीच भाषा कोणी उसनी नेली असें वाटावें. पाव, बटाटा, अननस हे शब्द बाजारांत कानीं पडत. बिऱ्हाडाच्या मालकिणीनें हातीं ठेविली तीहि 'चावी'च.

रविवारची फेरी निर्विघ्न पार पडली. मंगळवारीं सकाळपासून संततधार लागली, मैदान बंद झालें आणि जावईबापूंची फेरी शुक्रवारावर गेली. मित्रांचा मात्र तो दिवस बुडाला तो बुडालाच; त्यांच्या बेतांत रिकामी जागा नव्हती. बुधवारीं आम्ही सारेंजण गांवाच्या उत्तरेस टेकड्यांकडे गेलों. बदामाचीं झाडें नुकतीं फुललीं होतीं. त्यांची एक दंतकथा त्या प्रांतांत सांगतात. एका मूर राजानें उत्तरेकडची राजकन्या वरिली. ती दक्षिणेंत येऊन झुरूं लागली, वैद्य थकले. अखेर तिला आपल्या देशाचें बर्फ आठवतें आहे, असें राजास कळलें. त्यानें सगळ्या टेकड्यांवर बदाम लावले. माघांत फुलें येऊन जमीन पांढरी झाली आणि राणी उठून बसली. मीं ही कथा नातवास सांगितली. जावईबापू मागें उभे राहून ऐकत होते, तें मला उशिरां कळलें.

शुक्रवारीं सकाळीं ते निघाले तेव्हां मुलीकडे पाहून म्हणाले, "तूंहि चल. गाडी तूं चालव." तेथें मैदानांत हिंडावयास विजेवर चालणारी छोटी गाडी मिळते. नातवास आमच्यापाशीं ठेवून दोघें गेलीं. नऊच होल खेळूं, असें सांगून गेलीं होतीं. माझ्या हिशेबाप्रमाणें दुपारीं बारापर्यंत परतावयास हवीं होतीं. आम्हीं मुलाला जेवूं घातलें, निजविलें, उठवून नदीवरच्या जुन्या पुलावर फिरवून आणलें. तीं दोघें आलीं तेव्हां सूर्य मावळून गेला होता. मुलीच्या हातीं बदामाची एक डाहाळी होती. कोठें होतांत, असें आम्हीं विचारलें नाहीं.

रात्रीं सौ. म्हणाली, "तुमचा हिशेब चुकला." मीं कबूल केलें. मग वहींतून पुढच्या महिन्यांचें पान काढून तिच्यापुढें ठेविलें. त्यांत मीं एका ओळींत 'कन्याकुमारी' असें लिहून खालीं आठ दिवस कोरे सोडले होते. तिनें तें पान वाचलें, आणि कोऱ्या जागेंत कांहीं लिहूं नका, असें मला बजावलें.