सळयांचे ब्रेक काढणाऱ्यांनो, आधी रिंग बघा!

आजकाल जुन्या काळ्या सायकलींना भलताच भाव आलाय. आजोबांची ॲटलस नाहीतर सेन-रॅले गोठ्यातून काढायची, घासूनपुसून रंगवायची आणि वर 'व्हिंटेज' म्हणायचं. हौस आहे, असू दे. पण मग या लोकांना सळयांचे ब्रेक 'गावठी' वाटायला लागतात आणि ते काढून तिथे वायरचे ब्रेक बसवतात. मंडळी, माझं डोकं फिरतं ते इथे.

जरा वाकून रिंग बघा ना. या सायकलींची रिंग वेस्टवुड पद्धतीची. बाजू गोलसर, कारण त्या ब्रेकला बाजूंशी घेणंदेणंच नव्हतं. हँडलखालचा दांडा दाबला की सळई ओढली जाते, घोड्याच्या रिकिबीसारखी पट्टी उचलते आणि तिची दोन रबरं आऱ्यांच्या अल्याड-पल्याड रिंगच्या आतल्या अंगाला टेकतात. वायरचा ब्रेक मात्र दोन्ही बाजूंनी चिमटा काढतो. त्याला एंड्रिकसारखी सपाट बाजूची रिंग लागते. गोल बाजूवर त्याचं रबर कसंबसं कडेला टेकतं. एका सिस्टिमचा ड्रायव्हर दुसरीवर टाकायचा आणि हँग झालं की हार्डवेअरला शिव्या द्यायच्या, त्यातला प्रकार. (सवय हो, जात नाही.)

आमच्या आप्पांच्या सायकलीला शहरातल्या एका दुकानाने असाच 'अपग्रेड' करून दिला. रिंग तीच. आप्पा दुधाचे दोन कॅन लावून निघतात. सोनगीरहून हायवेकडे जाताना समोर ट्रक आला आणि सायकल थांबेचना. पाय घासत कडेच्या मातीत घातली म्हणून वाचले. गावातल्या मिस्त्रीने एका वाक्यात निकाल दिला, "भाऊ, रिंग बदली नही, मंग ब्रेक कसा लागी?" माझ्या चार वर्षांच्या डिग्रीला यात घालायला काहीही उरलेलं नाही.

"पण पावसात सळयांचे ब्रेक लागत नाहीत!" खरंय. क्रोमच्या लोखंडी रिंगवर ओलं रबर घसरतंच, ब्रेक कुठलाही लावा. ॲल्युमिनियमची सपाट रिंग घालून मग वायर लावणार असाल तर माझी काही तक्रार नाही. अर्धवट काम नको.

त्याहून वाईट हाल फ्रेमचे. ब्रेक टांगायला पुढच्या चिमट्याच्या डोक्यात भोक पाडतात, म्हणजे जिथे सगळा धक्का बसतो तिथेच! मागे पट्टी वेल्ड करतात. अहो, हे पाइप जोडांमध्ये पितळेने झाळलेले असतात. पितळ आहे तिथे इलेक्ट्रिक वेल्डिंग मारलं की जोड चिरण्याची भीती. झाळ म्हणजे काय ते सोनगीरच्या तांबटांना विचारा, पिढ्यान्‌पिढ्या तांब्या-पितळेचंच काम करतायत. आणि अशी फ्रेम नवीन कुठून आणणार? सेन-रॅलेचा आसनसोलचा कारखाना कधीच बंद झाला. ॲटलसचा साहिबाबादचाही 3 जून 2020 ला थांबला, नेमका जागतिक सायकल दिनाला.

असो. सळया खुळखुळतात म्हणून काढू नका. नट आवळा, सांध्यांना दोन थेंब तेल सोडा, रबरं बदला. रबरं आणि पिना आमच्या मिस्त्रीच्या डब्यात आजही असतात. आणि चेन ताणलीत की मागचा ब्रेक पुन्हा लावून घ्या, कारण चाक मागे सरकलं की रबर रिंगला घासायला लागतं. मिस्त्री हे आपणहून सांगत नाही, त्याला वाटतं तुम्हाला माहीत असेल.