फरकाचा आकडा

सायंकाळी दुकानाचा दरवाजा अर्धा ओढून घेतल्यावर रोकड मोजली जाते, रोजमेळाशी ताडून पाहिली जाते आणि फरक निघालाच तर तो सापडेपर्यंत गादीवरून कोणी उठत नाही. व्यापारी घरांत ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु त्याच घरातील मुलगा हौसेने एखादे छोटे इलेक्ट्रॉनिक सर्किट जुळवतो आणि ते चालेनासे होते, तेव्हा ही घरची शिस्त त्याला आठवत नाही. तो मोजत नाही, बदलत सुटतो. एक भाग काढतो, दुसरा लावतो; तोही चालला नाही तर तिसरा. वेळ जातो, पैसे जातात आणि कधी कधी त्याहून मोठे काही जाण्याची वेळ येते.

सांगलीतील एका अडत पेढीच्या माडीवर असाच प्रसंग घडला. खाली बारदानाच्या थप्प्या आणि वर अकरावीतल्या नातवाचे टेबल. आजोबांना ऐकू कमी येऊ लागले होते. रेडिओवरील बातम्या त्यांना स्पष्ट ऐकू याव्यात म्हणून मुलाने पाच व्होल्टवर चालणारा लहानसा ॲम्प्लिफायर आणला आणि त्याच्यासाठी पॉवर सप्लाय स्वतः जुळवला. त्याची रचना सर्वपरिचित होती. घरातील २३० व्होल्टचे ९ व्होल्ट करणारा एक अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाला एका दिशेने वळवणारे चार डायोड, त्या प्रवाहातील चढउतार भरून काढणारा २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि शेवटी नेमके पाच व्होल्ट देणारा ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर. कपॅसिटर तेवढा जुन्या टीव्हीच्या पट्टीवरून काढलेला होता.

ॲम्प्लिफायर न जोडता मीटर लावला की ५.०२ व्होल्ट दिसत. ॲम्प्लिफायर जोडून आवाज वाढवला की मात्र घरघर सुरू होई, शब्द तुटत आणि मीटर ४.६ पर्यंत उतरे. मुलाने निष्कर्ष काढला की रेग्युलेटर बिघडला आहे. त्याने तो बदलला. फरक पडला नाही. पुन्हा बदलला. तिसरा बसवून बटण दाबले, तेव्हा फ्यूजच उडाला. दुसरा फ्यूज जवळ नव्हता. वायर सोलून तांब्याचे एक केस काढून तो ते फ्यूजच्या दोन टोकांना गुंडाळू लागला. एवढ्यात पेढीचे वयोवृद्ध दिवाणजी कुलपाची किल्ली द्यायला वर आले.

"हे काय चालवलंस बाळ?"

"फ्यूज उडाला, दिवाणजीकाका. तार लावतोय, म्हणजे परत उडायचा नाही."

दिवाणजी खुर्ची ओढून बसले. "रोकड दोनशेनं कमी भरली म्हणून मी रोजमेळातच दोनशे कमी मांडले, तर तुझे आजोबा उद्या मला गादीवर बसू देतील का?"

मुलगा थांबला. त्या थांबण्याचे मोल मोठे होते. ज्या ट्रान्सफॉर्मरने जेमतेम नऊ वॅटचा भार पेलायचा, त्याच्या पुढे कोठेतरी शॉर्ट झालेले असताना फ्यूजच्या जागी तार असती, तर वेटोळे तापत जाऊन त्यावरील वार्निश जळू लागले असते. खाली बारदान होते. फ्यूज उडणे हा बिघाड नसतो. तो बिघाड झाल्याची वर्दी असते. जमाखर्चातील फरक उचंत खात्यात टाकून ताळेबंद जुळवावा, तसा तारेचा हा उपाय आहे. कागद जुळतो, चूक मात्र आत तशीच राहते.

दिवाणजींना इलेक्ट्रॉनिक्समधील काही कळत नव्हते. त्यांनी फक्त आपल्या कामाची रीत सांगितली. "फरक आला की तो टाकून द्यायचा नसतो, वाचायचा असतो. फरकाला नऊनं पूर्ण भाग गेला, तर बहुधा कुठंतरी आकडे उलटे पडलेले असतात, चोपन्नाचे पंचेचाळीस. फरकाच्या बरोबर निम्म्या रकमेची नोंद सापडली, तर ती जमेची नावे पडलेली असण्याचा संभव. आकडाच सांगतो चूक कुठल्या जातीची ते. आणि शोधायचं ते पानापानानं. ज्या पानापर्यंत बेरीज जुळते, तिथवर चूक नाही."

ही रीत सर्किटला जशीच्या तशी लागू पडते. पॉवर सप्लाय हे चार पानांचे खाते आहे. प्रत्येक पानाअखेरीस किती शिल्लक असावयास हवी, हे हिशेबाने आधी ठरवता येते. मुलाने वहीचे पान उघडून डावीकडे अपेक्षित आकडे लिहिले आणि उजवी बाजू मोजणीसाठी मोकळी ठेवली.

पहिले काम प्लग काढून करावयाचे होते. मीटर आवाजाच्या खुणेवर ठेवून त्याने कपॅसिटरच्या दोन टोकांना लावला. निरोगी सर्किटमध्ये मीटर क्षणभर वाजून थांबतो, कारण कपॅसिटर भरत जातो. येथे तो वाजतच राहिला. भिंगातून पाहिले, तर तिसरा रेग्युलेटर बसवताना उडालेला सोल्डरचा केसाएवढा तुकडा धन आणि ऋण पट्ट्यांना जोडून बसला होता. तो काढला. डायोड तपासले, तर प्रत्येक डायोड एका दिशेने अर्ध्या ते पाऊण व्होल्टच्या दरम्यान आकडा दाखवत होता आणि उलट दिशेने बंद होता. चारही शाबूत होते.

दुसऱ्या दिवशी त्याच क्षमतेचा नवा फ्यूज आणला. तरी वीज थेट दिली नाही. दुरुस्ती करणारे कारागीर वापरतात तो सिरीज बोर्ड घेतला आणि जुन्या पद्धतीचा, तारेचा पंधरा वॅटचा दिवा मध्ये जोडला. पुढे शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटतो, नसेल तर मंद राहतो किंवा पेटतही नाही. एलईडी दिवा या कामी चालत नाही. दिवा मंद राहिला. मग तो काढून मोजणी सुरू झाली.

भार नसताना ट्रान्सफॉर्मर १०.६ व्होल्ट देत होता. छापलेले ९ व्होल्ट पूर्ण भाराखालचे असतात, म्हणून हे योग्यच. कपॅसिटरवर १३.७ होते. प्रत्यावर्ती दाबाचा माथा मीटरवरील आकड्याच्या १.४१ पट असतो. त्यातून दोन डायोडांचे मिळून व्होल्ट-सव्वा व्होल्ट वजा जाते. हेही जुळले. आता ॲम्प्लिफायर जोडून आवाज वाढवला. ट्रान्सफॉर्मर ९.२, कपॅसिटर ८.१, शेवटी ४.६.

येथे मुलगा गोंधळला. ७८०५ ला आपल्या पाच व्होल्टांवर सुमारे दोन व्होल्ट अधिक, म्हणजे आत सात व्होल्ट लागतात. येथे तर आठ मिळत होते. मग तो पुरा दाब का देत नव्हता?

बँकेच्या व्यवहारात याचे उत्तर सहज सापडते. एखाद्या खात्यातील महिन्याची सरासरी शिल्लक भरपूर असते, पण ज्या दिवशी धनादेश येतो, त्या दिवशी खाते रिकामे असते आणि तो न वटता परत जातो. मीटरने दाखवलेले आठ व्होल्ट ही सरासरी होती. चार डायोडांच्या मांडणीत कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा भरतो आणि दोन भरण्यांच्या मधल्या काळात एकटाच खर्च भागवतो. अर्ध्या अँपिअरच्या खर्चाला २२०० मायक्रोफॅरडची पेटी दर खेपेस सुमारे सव्वादोन व्होल्टने उतरावी, असा हिशेब येतो. पेटी आतून आटली असेल, तर ती सहा-सात व्होल्टही उतरते. सरासरी आठ राहते, तळ मात्र साताच्या खाली जातो. सेकंदाला शंभर वेळा रेग्युलेटर उपाशी राहतो, आणि तीच ती घरघर.

खात्री करण्याची सोपी युक्ती आहे. मीटर एसीच्या पट्ट्यावर ठेवून कपॅसिटरवर लावला, की केवळ चढउतार मोजला जातो. मात्र काही स्वस्त मीटर त्यात डीसीचाही भाग मिसळतात. म्हणून आधी नऊ व्होल्टच्या बॅटरीवर दोन्ही बाजूंनी लावून शून्य येते की नाही, हे पाहावे. हिशेबाने पाऊण व्होल्टच्या आत असावयास हवा तो आकडा येथे १.८ निघाला. फरकाने आपली जात सांगितली होती.

वीज बंद करून, कपॅसिटर रिता झाल्याचे मीटरवर पाहून, जुन्याच्या जोडीला २२०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा नवा कपॅसिटर धन-ऋण सांभाळून लावला. तो उलटा लागला तर फुटू शकतो. बटण दाबताच घरघर गेली. जुना काढून टाकल्यावरही आवाज स्वच्छ राहिला आणि शेवटी ५.०१ व्होल्ट टिकले. काढून फेकलेले दोन्ही रेग्युलेटर तपासले, तर निर्दोष निघाले. असे कपॅसिटर उष्णतेने आतून सुकतात. जुना तर तापणाऱ्या पत्र्याला खेटूनच बसवलेला होता. नवा त्यापासून दूर बसवला.

अशी मंडले जुळवणाऱ्या मुलांनी आणखी काही आकड्यांची ओळख ठेवावी. तेराऐवजी साधारण सात-आठ व्होल्ट भाराविनाच दिसले, तर कपॅसिटरचा पाय सुटलेला असतो. भाराविना सर्व ठीक, पण भाराखाली चढउतार दुप्पट झाला, तर एखादा डायोड तुटलेला असू शकतो. पाचाऐवजी जवळजवळ आत येणाराच दाब बाहेर आला, तर रेग्युलेटरचा मधला पाय जमिनीशी जोडलेला नाही किंवा तो आतून फुटला आहे. काही मिनिटे चालून बंद पडतो आणि निवल्यावर पुन्हा चालतो, तर तो तापून स्वतःला आवरतो आहे. त्याला मोठा पत्रा हवा.

एक मर्यादा घरातील वडीलधाऱ्यांनी घालून द्यावी. ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडची, २३० व्होल्टची बाजू पूर्ण झाकलेली असावी आणि ती उघडावयाची झाल्यास प्लग काढून, मोठ्या माणसासमक्षच. मोबाइलचे चार्जर किंवा संगणकाचे पॉवर सप्लाय शिकाऊ हाताने उघडू नयेत. त्यांच्या आतील कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यानंतरही ते काही काळ तसेच राहू शकतात.

मुलाने त्या दिवसापासून वही ठेवली आहे. डावीकडे अपेक्षित, उजवीकडे प्रत्यक्ष. सुटे भाग घ्यायला निघण्यापूर्वी दोन्ही बाजू भरलेल्या असाव्यात, हा नियम त्याने स्वतःच घातला. आजोबा आता सकाळच्या बातम्या ऐकतात, आणि त्या ऐकू आल्या की दिवाणजी खालूनच विचारतात, "मेळ जुळला का रे?"