फळ्यावरचे एक पुस्तक

आपल्याकडील सार्वजनिक वाचनालयात शिरताना बहुधा दोन फळे दिसतात. एकावर त्या महिन्याचे कार्यक्रम लिहिलेले असतात. वक्त्यांचे नाव, अध्यक्षांचे नाव, प्रमुख पाहुण्यांचे नाव, आणि उरलेल्या जागेत बारीक अक्षरांत विषय. दुसऱ्या फळ्यावर नवीन दाखल झालेल्या पुस्तकांची यादी असते. ती वीस-पंचवीस नावे कोणी वाचली आहेत, त्यांतले कोणते पुस्तक कोणाला आवडले, हे त्यावरून काहीच कळत नाही. या दोन फळ्यांचा एकमेकांशी संबंध नसतो. शेजारी शेजारी राहून एकमेकांशी न बोलणाऱ्या माणसांसारखे ते वर्षानुवर्षे टांगलेले असतात.

माझे म्हणणे असे आहे, की हे दोन फळे एक करावेत. महिन्याला एकच पुस्तक सुचवावे, त्याखाली ते वाचलेल्या माणसाचे नाव लिहावे, आणि त्या महिन्याचा कार्यक्रम त्याच पुस्तकावर ठेवावा.

‘शिफारस’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. उर्दूत तो ‘सिफारिश’ आहे. दोन्ही भाषांत त्याला थोडा वाईट वास येतो. नोकरीसाठी, दाखल्यासाठी कोणाची तरी चिठ्ठी आणणे म्हणजे शिफारस, असे आपण समजतो. पण चांगली शिफारस जामिनासारखी असते. “हे पुस्तक मी वाचले आहे. ते तुम्हाला कंटाळवाणे वाटले, तर मला येऊन विचारा,” असे जो म्हणतो, त्यानेच पुस्तक सुचवावे. ज्या यादीखाली कोणाचेच नाव नाही, त्या यादीला कोणी जामीन नाही.

आता महिन्याच्या कार्यक्रमांकडे पाहू. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन असतो. १५ ऑक्टोबरला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी वाचन प्रेरणा दिन असतो. महाराष्ट्रात तो २०१५ पासून पाळला जातो. टेबलावर प्रतिमा ठेवतात, हार घालतात, भाषणे होतात, चहा होतो. अहवालात लिहायला एक कार्यक्रम मिळतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे. त्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे दर्जे मिळतात आणि दर्जानुसार अनुदान मिळते. तेव्हा अहवाल नीट ठेवणे भागच आहे. त्याबद्दल कार्यवाहांना दोष देता येणार नाही. मला विचारायचे आहे ते एवढेच, की त्या संध्याकाळी कलामसाहेबांचे ‘अग्निपंख’ कोणी घरी नेले का? प्रतिमेला हार पडला आणि पुस्तक कपाटातच राहिले, तर वाचन प्रेरणा दिन पाळला असे कसे म्हणायचे?

काही जाणती माणसे यावर एक आक्षेप घेतात. वाचकाने आपल्या आवडीने पुस्तक निवडावे, सुचवणे म्हणजे लादणे, असे ते म्हणतात. हा आक्षेप खोटा नाही. ज्याची वाचनाची सवय मुरलेली आहे, त्याला कोणी बोट धरून नेऊ नये. परंतु नवख्या वाचकाची गोष्ट वेगळी असते. त्याला दहा हजार पुस्तकांचे कपाट ही एक भिंत वाटते. पुस्तके त्याच्याकडे पाठ करून उभी असतात. त्यांतले एक जरी कोणी बाहेर काढून त्याच्याकडे तोंड करून ठेवले, तरी भिंतीला दार पडते.

भारतातील ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन हे मुळात गणिताचे अध्यापक होते. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांतला दुसरा नियम वाचकाच्या बाजूने बोलतो: प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे. तिसरा पुस्तकाच्या बाजूने बोलतो: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. दुसरा नियम सर्वांना पटतो. तिसऱ्याकडे मात्र दुर्लक्ष होते. पुस्तकाला पाय नाहीत. त्याचा वाचक शोधायला कोणीतरी निघावे लागते. १२ ऑगस्टला रंगनाथन यांच्या जन्मदिनी ग्रंथपाल दिन साजरा होतो. त्या दिवशी या तिसऱ्या नियमावर कोणी बोलले, तर मी अवश्य ऐकायला जाईन.

वाचक शोधायला निघण्याचे एक जुने उदाहरण बडोद्याचे आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळा सुटल्यावर ज्याच्या हाती पुस्तक पडत नाही, तो काही वर्षांत शिकलेले विसरतो. अक्षरओळख टिकायची, तर गावोगावी ग्रंथालये हवीत, हे महाराजांनी ओळखले. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून घेतले. मग निवडक पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेड्यांत जाऊ लागल्या. पेटी नेण्या-आणण्याचा खर्च राज्य करी. गावात सारे ग्रंथालय जात नसे, फक्त एक पेटी जाई. म्हणजे काय पाठवावे आणि काय ठेवून घ्यावे, हे कोणीतरी विचार करून ठरवीत असे. ती पेटी म्हणजे एक शिफारसच होती.

सयाजीरावांनी ओळखलेले हे विसरणे आमच्या शाळांत आम्ही दरवर्षी पाहतो. उर्दू माध्यमाचा विद्यार्थी मराठी हा विषय म्हणून शिकतो, गुण मिळवतो, आणि दहावीची परीक्षा संपली की त्याचे मराठी पुस्तक रद्दीत जाते. पुढे त्याला मराठी भेटते ते तलाठी कार्यालयात, एस.टी. स्थानकावर, सरकारी दवाखान्यात, पोलीस ठाण्यात. तेथे त्याच्यापुढे अर्ज असतो आणि मागे रांग असते. अशा ठिकाणी भाषेची भीती वाटते, गोडी लागत नाही. गोडी लागावी अशी जागा वाचनालय आहे, पण तेथे तो जात नाही. त्याला कोणी अडवलेले नाही. त्याला कोणी बोलावलेलेही नाही. वाचनालय मराठी लोकांचे, आपले नव्हे, असे तो धरून चालतो. वस्तुतः वर्गणीदार होण्यासाठी जी ‘अनामत’ भरावी लागते, ती त्याच्या घरातली ‘अमानत’ आहे. ‘तारीख’, ‘दाखल’, ‘जमा’ हे वाचनालयाच्या नोंदवहीतले शब्द त्याने आजोबांच्या तोंडून ऐकलेले असतात.

अशा विद्यार्थ्यासाठी पुस्तक निवडताना मात्र सांभाळले पाहिजे. चांगले पुस्तक आणि पहिले पुस्तक यांत फरक आहे. ‘मृत्युंजय’ ही मोठी कादंबरी आहे, हे मलाही मान्य आहे. पण आठवीतल्या उर्दू माध्यमाच्या मुलाच्या हाती ती दिली, तर तो दहाव्या पानावर थांबेल आणि मराठी आपल्या आवाक्याबाहेरची आहे असे समजून परत येईल. त्याऐवजी साने गुरुजींची ‘श्यामची आई’ घ्यावी. गुरुजींनी ती १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिची प्रकरणे म्हणजे ४२ रात्री आहेत. एका बैठकीत एक रात्र सहज वाचून होते. थोड्या मोठ्या मुलांसाठी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आहे. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेली ही कादंबरी लहान आहे, वाक्ये आखूड आहेत. धनगरांच्या वाडीत नव्याने गेलेला एक तरुण मास्तर लोकांचा विश्वास कसा मिळवतो, हे तीत वाचायला मिळते. अनोळखी वस्तीत पहिले पाऊल टाकताना काय वाटते, हे आमच्या मुलांना निराळे समजावून सांगावे लागणार नाही. आणि ज्याला गंभीर काही नकोच असेल, त्याने खुशाल भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे न्यावा. हसत हसत शिकलेली भाषा काही कमी प्रतीची नसते.

मित्रांनो, हा व्यवहार एकाच बाजूने चालू नये. वाचनालयातील मराठी वाचकांनाही तुम्ही काही सुचवू शकता. प्रेमचंद शाळेत सर्वांना माहीत होतात. पण ते आधी उर्दूत लिहीत असत, आणि १९०८ मध्ये निघालेला त्यांचा ‘सोजे वतन’ हा उर्दू कथासंग्रह इंग्रज सरकारने जप्त केला होता, हे कितीजणांना ठाऊक असते? वर्षातून दोन-तीन महिने फळ्यावर उर्दूतले एखादे पुस्तक यावे आणि उर्दू शाळेच्या विद्यार्थ्याने त्याची गोष्ट मराठीत सांगावी. उच्चार चुकतील, लिंग-वचन चुकेल, चुकू द्यावे. श्रोत्यांनी तेथे व्याकरण तपासू नये. ते काम आमचे आहे आणि ते आम्ही वर्गात करतो.

सुरुवातीसाठी मी डॉ. झाकीर हुसेन यांची ‘अब्बू खाँ की बकरी’ ही गोष्ट सुचवतो. झाकीरसाहेब १९६७ ते १९६९ या काळात भारताचे राष्ट्रपती होते. त्याआधी अनेक वर्षे ते शिक्षक होते, आणि ही गोष्ट त्यांनी मुलांसाठी लिहिली. अब्बू खाँची बकरी चांदनी खिडकीतून निसटून डोंगरावर पळून जाते. रात्री लांडगा येतो. ती रात्रभर त्याच्याशी झुंजते आणि पहाटे मरून पडते. झाडावरच्या पाखरांत वाद सुरू होतो, की जिंकले कोण? बहुतेकांचे मत लांडग्याच्या बाजूने पडते. एक म्हातारे पाखरू मात्र म्हणते, चांदनी जिंकली.

गोष्ट येथपर्यंत सांगून मुलाने खाली बसावे. पुढचा वाद श्रोत्यांनी करावा. निवृत्त मास्तरांनी, पेपर वाचायला आलेल्यांनी, खुर्च्या मांडणाऱ्या शिपायानेही आपले मत सांगावे. ग्रंथपालांनी देवघेवीच्या टेबलामागून उठून कोणत्या तरी एका बाजूने बोलावे. चहा त्यानंतर द्यावा.