चार बायका अंदमानला निघाल्या तर कुणाच्या पोटात का दुखावं?

गेले आठ दिवस आमच्या शिवथरच्या ग्रुपवर एकच विषय चालू आहे. रस्त्याचे खड्डे नाहीत, उन्हाळ्यातलं पाणी नाही, पावसात बंद होणारा वरंध घाट नाही. विषय आहे आमच्या वाडीतल्या चार बायकांचा. या चौघींनी डिसेंबरात आठवडाभर अंदमानला जायचं ठरवलंय. सोबत नवरे नाहीत, पोरं नाहीत, देवदर्शनही नाही. समुद्राकाठी जाऊन नुसतं बसायचं. त्यातली एक माझी थोरली काकी, वय 58.

यावर ग्रुपवर काय काय आलं बघा. "लाडक्या बहिणींचा माज." "करदात्यांच्या पैशावर अंदमान." "अंदमान कशाला, वेस्ट इंडीजला जा की, कॅरिबियन बीचवर!" "जाताना म्हशी पण घेऊन जा." "समर्थांच्या भूमीत आळसाचे डोहाळे." खाली हसणाऱ्या तोंडांच्या रांगा. परवा रात्री चौघींपैकी एकीनं नाव मागे घेतलं. घरात भांडण झालं म्हणे. म्हणून हे लिहितोय. ग्रुपवर टाकलं तर दोन तासांत गुड मॉर्निंगच्या ढिगाखाली जाईल, म्हणून इथं, माझ्या नावानिशी.

आधी पैशाचं बोलू, कारण सगळ्यात जास्त आग तिथंच लागलीय.

तिकिटं मी बघतोय, त्यामुळे हिशोब माझ्याकडे आहे. माणशी चाळीस हजारांत बसवलंय. त्यातले निम्मे लाडकी बहीणच्या हप्त्यातून साठवलेले आणि निम्मे पावसाळ्यात घळीच्या वाटेवर चहा-भजी, मक्याची कणसं विकून आणि नाचणीचे पापड करून कमावलेले. हप्ता महिन्याला 1500, म्हणजे वर्षाचे 18 हजार. योजना जुलै 2024 ला सुरू झाली तेव्हा सरकारनं उद्देश काय सांगितला होता? महिलांचं आर्थिक स्वातंत्र्य, त्यांचं आरोग्य, आणि कुटुंबातली त्यांची निर्णायक भूमिका. मग या बायकांनी निर्णय घेतला. तोच नेमका तुम्हाला खुपला. याच पैशातून नवऱ्याच्या मोटारसायकलचा हप्ता गेला असता तर कुणी विचारलं नसतं. दीराच्या लग्नात मांडवाला गेला असता तर वहिनीचं कौतुक झालं असतं.

आणि करदात्यांच्या पैशाचं म्हणाल तर एक गोष्ट ऐका. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला एलटीसी असते. प्रवासभाडं सरकार देतं. त्यात अंदमानसाठी खास सवलत आहे. एरवी ज्याला विमानाचा हक्क नाही, असा खालच्या श्रेणीतला कर्मचारीसुद्धा अंदमानला विमानानं जाऊ शकतो. गावी जायच्या एलटीसीऐवजी अंदमान घेता येतं. ही सवलत 2014 पासून मुदतवाढ मिळत मिळत चालू आहे. मला त्याबद्दल काडीची तक्रार नाही. उलट ती चांगली आहे. माणसानं वर्षानुवर्षं काम केलं की त्याला कुटुंबासह कुठं तरी जाता यावं, हे सरकारनं स्वतःच्या नोकरांपुरतं मान्य केलंय. माझा प्रश्न एवढाच: साहेब गेला की ती रजा आणि काकी गेली की माज, हे कुठलं गणित?

आता कॅरिबियन. टोमणा मारणाऱ्या दादाला माहीत नसेल, पण काकीनं खरंच विचारलं होतं. कुणाच्या तरी मोबाइलवर निळ्या पाण्याचा फोटो बघितला आणि म्हणाली, "हे कुठं रे?" मी म्हटलं, "वेस्ट इंडीज. 1971 ला वाडेकरांच्या टीमनं जिथं त्यांना त्यांच्याच घरात हरवलं, गावसकरनं 774 धावा केल्या, ते." मग बसून बघितलं. मुंबईहून सरळ विमान नाही. लंडन नाहीतर अमेरिकेवरून जायचं, वाटेतल्या देशाच्या व्हिसाची भानगड वेगळी. जायला एक दिवसाच्या वर, यायला तेवढंच. आठवड्यातले तीन दिवस विमानात आणि विमानतळावरच जाणार. शिवाय तिकडं वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर, म्हणजे सुरक्षित महिने आपल्यासारखेच हिवाळ्याचे. काकी म्हणाली, "मग आपल्याकडं असं पाणी नाही का?" आहे. अंदमानला आहे. व्हिसा नको, आधार कार्ड पुरतं, हिंदी चालते. अंदमान निघालं ते असं. चौघींनी हवामान, अंतर, खर्च, कागदपत्रं सगळं विचारात घेतलं. ग्रुपवर हसणाऱ्यांपैकी कितीजणांनी आपल्या गोव्याच्या ट्रिपला एवढा विचार केला होता?

त्याच वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादला 30 मे 1845 रोजी आपल्या देशातले गिरमिटिये मजूर पहिल्यांदा उतरले. उसाच्या मळ्यांवर काम करायला नेलेली माणसं. मालकाच्या चिठ्ठीशिवाय त्यांना मळ्याबाहेर पडता येत नसे. आज तो 30 मे तिथं सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे. गिरमिट 1917 ला बंद झालं. आमच्या वाडीत मात्र बाईला आठ दिवस बाहेर जायला अजून नवऱ्याची, दीराची, सासूची आणि आता व्हॉट्सअॅप ग्रुपचीही चिठ्ठी लागते.

"पैसे देऊन बसायचंच आहे तर घरी बसा की." हा सगळ्यात शहाणा समजला गेलेला मेसेज. घरी? काकी घरी बसलेली कुणी बघितलीय? जूनपासून भाताची लावणी, मग बेणणी, मग गवत, कापणी, झोडणी. फेब्रुवारी-मार्चात राब भाजायचे. मधल्या काळात लाकूडफाटा, शेण, म्हैस, दोन वेळचं जेवण. पावसाळ्यातले शनिवार-रविवार पुण्या-मुंबईची गर्दी घळीला येते, धबधब्याखाली भिजते, फोटो काढते. तुमची सुट्टी ती आमच्या बायकांची कामाची वेळ. आख्खा जन्म त्या धबधब्याच्या आवाजात गेला, पण मजेनं त्याच्याखाली त्या कधी उभ्या राहिल्या नाहीत. भिजल्या त्या इरलं पांघरून चिखलात. आणि 22 जुलै 2021 ला आमच्याच तालुक्यातल्या तळियेवर डोंगर आला, ऐंशीहून जास्त माणसं गेली, तेव्हापासून पावसाचा जोर वाढला की आमच्या घरातल्या बायका रात्रभर जाग्या असतात. ज्यांना झोप माहीत नाही त्यांना तुम्ही आळसावर प्रवचन देता?

गौरी-गणपती आणि शिमग्याला चाकरमानी आठवडाभर गावी येतात. मुंबईत राबतात, त्यांना हक्काची विश्रांती मिळायलाच हवी. ते दुपारी ओटीवर ताणून देतात, रात्री भजन, नाच, पत्ते. आणि त्या आठवड्यात वीस-वीस माणसांचं कोण रांधतं? उकडीचे मोदक आपोआप वाफवून निघतात का? घरातल्या पुरुषाची सुट्टी उभीच मुळी बाईच्या दुप्पट कामावर राहते. म्हणून बाईची सुट्टी घरात होत नाही. तिला घराबाहेरच जावं लागतं.

"मग हरिहरेश्वरला जा, समुद्र तोच." समुद्र छान आहे, अंतर वाईट आहे. दोन-अडीच तासांवर. पहिल्याच संध्याकाळी फोन येईल, "मिक्सर चालत नाही", "म्हैस पान्हवत नाही", "उद्या पाहुणे येतायत". आणि ती परत येईल. बोटीशिवाय निघता येत नाही असं बेट हवं, ते यासाठीच.

ट्रिप कशी ठरलीय तेही सांगतो, कारण टूरवाल्यांचा कार्यक्रम बघून चौघींनी तो नाकारला. सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बस. सात दिवसांत बारा ठिकाणं. काकी म्हणाली, "ही तर लावणीच झाली." त्यांनी ठरवलं ते असं: पहिली रात्र श्री विजयपुरमला, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरला. सेल्युलर जेल बघायचं. दुसऱ्या दिवशी बोटीनं स्वराज द्वीप, ज्याला लोक अजून हॅवलॉक म्हणतात. तिथं सलग चार रात्री एकाच ठिकाणी मुक्काम. राधानगरचा किनारा आहे, झाडं आहेत, बसायला वाळू आहे. चार दिवस काहीच कार्यक्रम नाही. मग परत, एक रात्र, विमान. पाण्यात साडीत उतरायचं की गाऊनमध्ये, यावर अजून एकमत नाही, बाकी सगळं पक्कं. महिना डिसेंबर, कारण तोवर झोडणी आटपलेली असते, राबाला वेळ असतो आणि तिकडं पाऊस ओसरत आलेला असतो. हे नियोजन आळशी माणसांचं वाटतं का?

समर्थांना मध्ये आणणाऱ्यांना हात जोडून सांगतो. दासबोधात आळसाला झोडपलंय हे खरं. पण त्याच दासबोधात एकांताचीही थोरवी आहे. आणि परंपरा काय सांगते? 20 दशक आणि 200 समासांचा हा ग्रंथ सांगायला समर्थांनी जागा निवडली ती आमची घळ. रान, डोंगर, पाण्याचा आवाज, माणसांपासून लांब. इतकी लांब की पुढं ती जागा लोकांच्या विस्मरणात गेली आणि 1930 ला धुळ्याच्या शंकरराव देवांनी ती शोधून काढली. मोठ्या कामाला निवांतपणा लागतो, हे ज्या जागेनं शिकवावं, त्याच जागेच्या नावावर तुम्ही बायकांचा निवांतपणा हिसकावताय.

आणखी एक नाव आठवा, महाडचं नाव ज्यांच्यामुळे देशाला कळलं ते. 1927 ला चवदार तळ्यावर बाबासाहेब आले हे आपण दरवर्षी आठवतो. तेच बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. त्यांच्या काळात, 1945 ला, कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यातल्या कामगाराला बारा महिने सलग नोकरीनंतर दहा दिवसांची पगारी सुट्टी मिळाली. सलग दहा दिवस. मजुरालाही अंग टाकायला, माणसासारखं जगायला वेळ हवा, ही मागणी त्यामागे होती. 1948 च्या कारखाना कायद्यात हिशोब बदलला: वर्षात 240 दिवस भरले की दर 20 दिवसांमागे एक दिवस पगारी रजा. नव्या कामगार संहितेत ती अट 180 दिवसांवर आली.

आता आमच्या वाडीतल्या एमआयडीसीत जाणाऱ्या पोरांना विचारा, पगारी रजा कधी मिळाली? कंत्राटदार बदलतो, कागदावर नाव नवीन होतं, दिवस पुन्हा एकपासून. 240 काय आणि 180 काय, भरू दिले तर ना! गणपतीला चार दिवस जास्त राहिला की परत कामावर घेतील की नाही याची धाकधूक. मला वाटतं ग्रुपवरच्या रागाचं मूळ इथं आहे. ज्यानं स्वतः कधी आठ दिवस निवांत काढले नाहीत, त्याला दुसऱ्याची सुट्टी बघवत नाही. राग खरा आहे रे बाबांनो, पत्ता चुकलाय. तुमची रजा काकीनं खाल्लेली नाही. ज्यानं खाल्लीय त्याच्या ऑफिससमोर उभं राहायची हिंमत होत नाही, म्हणून चुलीसमोरच्या बाईवर तोंड सोडताय.

म्हणून सरळ सांगतो.

कंत्राटी कामगारांनो, हजेरीचे दिवस स्वतःच्या वहीत लिहा, पगारी रजा लेखी मागा, एकट्यानं नको, दहाजणांनी मिळून मागा. ग्रामपंचायतीनं पावसाळ्यात घळीच्या वाटेवर धंदा करणाऱ्या बायकांसाठी निदान शेड आणि संडासाची सोय करावी. पुढाऱ्यांनी बहिणींच्या नावानं मतं घेतलीत, आता त्या बहिणीनं पैसा कुठं खर्च करावा यावर आपले कार्यकर्ते बोलतायत, त्यांना आवरा.

आणि घरातल्या बाप्यांनो, डिसेंबरला अजून वेळ आहे. भाकरी थापता येत नसेल तर भात लावायला शिका. म्हशीला तुमचा हात ओळखीचा करून ठेवा. सात दिवस घर चालवलंत तर काही बिघडत नाही, उलट बायको वर्षभर काय करते ते कळेल.

ज्या वहिनीनं नाव मागे घेतलं, तिच्यासाठी एकच. वहिनी, तुमची जागा मी अजून रद्द केलेली नाही. बुकिंगचे पैसे येत्या शनिवारी भरायचे आहेत. भांडण घरातलं आहे, त्यात मी पडणार नाही. पण पैसा तुमचा आहे आणि आठवडाही तुमचाच आहे.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली लिहा, उत्तर देईन. पण लिहायच्या आधी आज रात्रीची भांडी तुम्ही घासा.